मोटारसायकल एंजिनातील तेलज्वलन

चार धावांच्या एंजिनातील वंगण तेल ज्वलनकोठीत शिरून पेट्रोलबरोबर जळण्याचा दोष. दुरुस्तीच्या धंद्यातील बोलीत ‘गाडी ऑइल खाते’ असे याचे वर्णन करतात. निष्कास नळीतून निळसर धूर येणे, बाहेर कोठेही गळती नसताना तेलाची पातळी उतरणे आणि स्पार्क प्लगच्या टोकावर ओलसर, तेलकट काजळी साचणे ही याची मुख्य लक्षणे होत. मात्र तेलज्वलन हे स्वतः दुखणे नसून दुखण्याचे लक्षण आहे. तेल ज्वलनकोठीत शिरण्याचे मार्ग अनेक आहेत व प्रत्येकावरील उपाय वेगळा आहे. झडपेवरील लहानसे रबरी सील बदलणे आणि सिलिंडर कातून नवा दट्ट्या बसविणे या दोन कामांच्या खर्चात कित्येक पटींचा फरक पडतो. म्हणून एंजिन उघडण्यापूर्वी तेलाचा मार्ग निश्चित करणे हा या दुरुस्तीतील सर्वांत महत्त्वाचा भाग होय.

या दोषाचा अभ्यास करण्यास सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यासारखा डोंगराळ प्रदेश विशेष सोयीचा आहे. कोयना व केरा या नद्यांच्या संगमावरील पाटण गावावरून जाणारा कराड-चिपळूण रस्ता कोयनानगर व हेळवाक मागे टाकून कुंभार्ली घाटाने कोकणात उतरतो. तालुक्यातील वाड्यावस्त्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या असल्याने दुधाचे कॅन, खताची पोती आणि माणसे यांच्या वाहतुकीसाठी मोटारसायकल हे अनेक कुटुंबांचे एकमेव साधन असते. ओझ्यासह लांब चढ, एंजिनाच्या रोधावर उतरायचे लांब उतार, उन्हाळ्यात पठारांवरील जांभ्या मातीची धूळ आणि पावसाळ्यात महिनोन्‌महिने टिकणारा दमटपणा या चारही गोष्टी एंजिनाची परीक्षा पाहतात. पुढे दिसून येईल की, घाटाचा चढ आणि उतार याच निदानाच्या दोन कसोट्याही आहेत.

वंगणाची रचना : भारतातील बहुसंख्य मोटारसायकलींत एक सिलिंडर असलेले, हवेने थंड होणारे एंजिन असते. १९८५ मध्ये भारतीय बाजारात आलेल्या हीरो होंडा सीडी १०० या गाडीमुळे असे लहान चार धावांचे एंजिन खेडोपाडी पोहोचले. त्याच्या सिलिंडराचा व्यास ५० मिमी., धाव ४९·५ मिमी. व घनता ९७·२ घ. सेंमी. होती. असे एंजिन मिनिटास ६,००० फेरे करीत असता दट्ट्या सेकंदाला २०० वेळा वर किंवा खाली जातो व त्याची सरासरी गती सेकंदाला सु. १० मी. भरते. या घर्षणातून धातू वाचविण्याचे काम भुजापेटीतील (क्रँककेसमधील) सु. एक लि. तेल करते. तेच तेल क्लच व दंतचक्रपेटीलाही पुरविले जाते.

दट्ट्यावर साधारणतः तीन कड्या (रिंग) असतात. वरच्या दोन संपीडन कड्या ज्वलनाचा दाब अडवितात, तर खालची तेलकडी सिलिंडराच्या भिंतीवरील जादा तेल खरवडून खाली पाठविते. भिंतीवर तेलाचा अतिशय पातळ थर राहणे आवश्यकच असते. त्यामुळे निरोगी एंजिनातही किंचित तेल जळतेच. थर जाड राहू लागला, म्हणजे ते दोषाचे स्वरूप धारण करते. सिलिंडर-शीर्षातील (हेडमधील) झडपांच्या दांड्यांनाही मार्गदर्शक नळीत (गाइडमध्ये) सरकण्यासाठी तेल लागते. ते प्रमाणाबाहेर खाली उतरू नये, म्हणून दांड्यावर रबरी सील बसविलेले असते.

तेल शिरण्याचे मार्ग : (१) दट्ट्याच्या कड्या व सिलिंडर. कड्या झिजल्या, त्यांचा ताण गेला, काजळीने त्या खाचेत चिकटून बसल्या किंवा सिलिंडराची भिंत झिजून लंबगोल झाली, तर तेल वर चढते. त्याच वेळी ज्वलनाचे वायूही खाली भुजापेटीत निसटतात. (२) झडपांची सीले व मार्गदर्शक नळ्या. उष्णतेने सील कडक होऊन तडकते किंवा नळी झिजून दांडा डगमगू लागतो, त्यामुळे शीर्षातील तेल खाली झिरपते. (३) भुजापेटीचा श्वासमार्ग (ब्रीदर). तेल खुणेपेक्षा जास्त भरल्यास किंवा निसटलेल्या वायूंचा दाब वाढल्यास तेलाचे तुषार या नळीवाटे हवागाळणीत व तेथून एंजिनात ओढले जातात. या तिसऱ्या कारणासाठी कित्येकदा काहीच दुरुस्ती करावी लागत नाही. जादा तेल काढून नळी व गाळणी साफ केली, की धूर थांबतो.

निदान : प्रथम तेलाची पातळी विश्वासार्ह रीतीने मोजतात. गाडी सपाट जागेवर मधल्या स्टँडवर सरळ उभी करून एंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी मापकांडी पाहावी. बहुतेक गाड्यांत कांडी पुसून, आटे न फिरविता, नुसती टेकवून पातळी पाहतात. उतारावर किंवा बाजूच्या स्टँडवर घेतलेले माप फसवे ठरते. ठराविक अंतराला, उदा., दर ५०० किमी.ला, भरलेल्या तेलाची नोंद ठेवल्यास दोषाचे प्रमाण कळते. दर १,००० किमी.ला १०० मिलि. तेल जळत असेल, तर ३,००० किमी.मध्ये एक लि.पैकी जवळजवळ तिसरा हिस्सा नाहीसा होतो. चालकाने मध्ये पातळी पाहिली नाही, तर हा धोका त्याच्या लक्षातही येत नाही.

यानंतर धुराचा रंग पाहतात. काळा धूर हा पेट्रोलाचे प्रमाण जास्त झाल्याचे दर्शवितो व त्याची काजळी कोरडी असते. पावसाळी किंवा थंडीच्या सकाळी दिसणारा पांढरा धूर ही बहुधा निष्कास नळीतील पाण्याची वाफ असते आणि नळी तापल्यावर ती विरते. निळसर, हवेत रेंगाळणारा व जळक्या तेलाच्या वासाचा धूर तेवढा तेलज्वलनाचा असतो.

धूर कोणत्या क्षणी येतो, यावरून तेलाचा मार्ग ओळखतात. रात्रभर उभी असलेली गाडी चालू करताच निळा लोट येऊन थोड्याच वेळात थांबला, तर रात्री झडपेच्या दांड्यावरून उतरलेले तेल जळाले असे समजावे. घाट उतरताना थ्रॉटल बंद असते व एंजिन चाकांमुळे फिरत असते. अशा वेळी अंतर्ग्रहण नळीत तीव्र निर्वात निर्माण होऊन सैल मार्गदर्शक नळीतून तेल आत शोषले जाते व पायथ्याशी थ्रॉटल उघडताच ते एकदम जळते. उलट, ओझ्यासह चढ चढताना धूर सतत येत असेल, गाडीची ओढ कमी झाली असेल आणि श्वासनळीतून वायू जोराने बाहेर पडत असतील, तर दोष कड्या व सिलिंडर यांत असण्याचा संभव अधिक असतो. तेलकडी एकटीच निकामी झाल्यास तीही उतारावर तेल वर ओढू देते. म्हणून या निरीक्षणाला दाबमापनाची जोड देणे आवश्यक असते.

दाबमापनासाठी एंजिन गरम करून स्पार्क प्लग काढतात व त्याच्या जागी दाबमापक बसवितात. ठिणगीचा पुरवठा तोडून व थ्रॉटल पूर्ण उघडून दाब स्थिर होईपर्यंत किक मारतात. लहान एंजिनात हा दाब सर्वसाधारणपणे दर चौ. सेंमी.ला १० किग्रॅ. किंवा त्याहून अधिक असतो. दाब कमी भरल्यास प्लगच्या छिद्रातून सु. ५ मिलि. तेल सोडून पुन्हा मोजतात. तेलामुळे कड्यांभोवतीची फट तात्पुरती भरून दाब लक्षणीय वाढला, तर कड्या व सिलिंडर झिजले आहेत. वाढला नाही, तर झडपांची बैठक किंवा शीर्षाची गॅस्केट तपासावी. दाब उत्तम असूनही तेल जळत असेल, तर संशय झडपांची सीले, तेलकडी व श्वासमार्ग यांवर येतो.

दोन धावांची एंजिने : राजदूत व येझदी या मोटारसायकली, तसेच १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्स या कंपनीच्या सातारा येथील कारखान्यात पूर्वी तयार होणारी प्रिया स्कूटर यांची एंजिने दोन धावांची होती. त्यांत पेट्रोलात तेल मिसळलेलेच असल्याने थोडा निळा धूर हा दोष नव्हे. मात्र दंतचक्रपेटीच्या बाजूचे भुजादंडाचे सील फाटल्यास पेटीतील तेल भुजापेटीत ओढले जाऊन दाट धूर येतो. मिश्रणाचे प्रमाण योग्य असूनही धूर वाढला व दंतचक्रपेटीतील तेल घटले, तर हे सील बदलावे. अशा गाड्या जतन करणाऱ्यांना हा फरक माहीत असणे उपयुक्त ठरते.

दुरुस्ती : दोष झडपांच्या सीलांत असल्यास केवळ शीर्ष उतरवून काम भागते. झडप काढून दांड्याची नळीतील ढिलाई तपासतात. नळीच झिजली असेल, तर नुसते नवे सील थोड्याच दिवसांत पुन्हा निकामी होते. म्हणून नळी बदलून झडपेची बैठक नव्याने जुळवावी लागते. नवे सील तेल लावून बसवितात.

सिलिंडर उघडल्यास त्याचा व्यास वर, मध्ये व खाली अशा तीन उंचींवर आणि प्रत्येक ठिकाणी दोन काटकोनी दिशांत मोजतात. सर्वाधिक झीज वरच्या टोकाशी, जेथे वरची कडी क्षणभर थांबते तेथे, आढळते. कडी सिलिंडरात सरळ बसवून तिच्या टोकांमधील फट पानमापकाने पाहतात. नव्या कडीत ती एक मिमी.च्या एक ते तीन दशांश असते. ०·५ मिमी.च्या पुढे गेल्यास कडी बहुधा बाद समजतात. अंतिम मर्यादा मात्र निर्मात्याच्या पुस्तिकेतीलच मानावी. सिलिंडर मर्यादेत असेल, तर भिंतीवर आडव्यातिडव्या सूक्ष्म रेघा उमटविणारे घासकाम (होनिंग) करून नव्या कड्या बसवितात. या रेघांत तेल टिकते व कड्या लवकर बसतात. झीज मर्यादेबाहेर असेल, तर सिलिंडर कातून ०·२५, ०·५०, ०·७५ किंवा १ मिमी. मोठा दट्ट्या घालतात. ५० मिमी. व्यास ५०·५ मिमी. झाल्यास घनता ९७·२ वरून सु. ९९ घ. सेंमी. होते, म्हणजे ताकदीत फारसा फरक पडत नाही. निकेल व सिलिकॉन कार्बाइड यांचा मुलामा दिलेले सिलिंडर अशा रीतीने कातता येत नाहीत, ते बदलावे लागतात. झिजून लंबगोल झालेल्या सिलिंडरात नुसत्या नव्या कड्या घालणे ही सर्वत्र आढळणारी चूक होय. अशी गाडी काही आठवड्यांतच पुन्हा धूर सोडू लागते व मालकाचा पैसा दोनदा खर्ची पडतो.

जोडणी करताना कड्यांवरील खूण वर ठेवतात व त्यांच्या फटी एका रेषेत येऊ न देता परस्परांपासून सु. १२० अंशांवर ठेवतात. शीर्षाचे नट तिरप्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने व ठरविलेल्या पिळानेच आवळावेत. कातकामानंतर सिलिंडर साबणाच्या गरम पाण्याने धुवून, सुकवून लगेच तेल लावणे अत्यावश्यक आहे. राहिलेले खरीचे कण नवा दट्ट्या अल्पावधीत झिजवितात. पहिले काही शे किमी. गाडी मध्यम भारावर, वेग बदलता ठेवून चालवावी व त्यानंतर तेल बदलावे.

परिणाम व प्रतिबंध : अधिक जाड तेल वापरल्याने धूर काही काळ लपतो, पण झीज थांबत नाही. मोटारींसाठीच्या काही तेलांतील घर्षण घटविणाऱ्या द्रव्यांमुळे मोटारसायकलीचा तेलात बुडालेला क्लच घसरतो. तेलातील फॉस्फरस व जस्त यांची संयुगे जळून निष्कास मार्गातील उत्प्रेरकावर थर साचतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकाच्या गाड्यांत हे नुकसान महाग पडते. सर्वांत गंभीर धोका मात्र तेल संपण्याचा आहे. तेलावाचून दट्ट्या सिलिंडरात जखडतो, मागचे चाक अडते व घाटाच्या वळणावर अशा क्षणी चालकाच्या जिवावर बेतू शकते.

झिजेचे एक मोठे कारण हवेतील धूळ हे आहे. फाटलेल्या किंवा नीट न बसलेल्या हवागाळणीतून आत गेलेली धूळ तेलात मिसळून कुरुंदाप्रमाणे भिंत घासते. म्हणून धुळीच्या रस्त्यांवर गाळणी पुस्तिकेतील मुदतीपेक्षा लवकर साफ करावी. पावसाळ्यात केवळ जवळच्या फेऱ्या झाल्यास एंजिन पुरते तापत नाही व तेलात पाणी मिसळून ते दुधी होते. असे तेल ताबडतोब बदलावे. आठवड्यातून एकदा मापकांडी पाहण्यास दोन मिनिटे पुरतात, आणि तेलज्वलनाचा पहिला पुरावा धुराच्याही आधी तेथेच मिळतो.