टू बीएचके बघताना पाणी कुठवर आलं होतं ते विचारा

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं कामकाज कोल्हापुरात सुरू झालं. सहा जिल्ह्यांची प्रकरणं आता इथे चालतात. त्यामुळे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत नोकरीला येणारे आणि शिवाजी विद्यापीठात शिकायला येणारे यांच्या जोडीला वकील मंडळीही भाड्याचं घर शोधू लागली. बहुतेकांची मागणी एकच: बऱ्या वस्तीत टू बीएचके.

ताराबाई पार्क, नागाळा पार्क, राजारामपुरी, शाहूपुरी ही नावं एजंटच्या तोंडी आधी येतात. घर दाखवताना हवा, उजेड, पार्किंग यांचं कौतुक होतं. पुराचा विषय मात्र सहसा भाडेकरूलाच काढावा लागतो.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये नदी ५५ फुटांच्या पुढे गेली. शाहूपुरीतली कुंभार गल्ली, नागाळा पार्कचा सखल भाग, रमणमळा, व्हीनस कॉर्नर इथे पाणी शिरलं. ताराबाई पार्काचा उंच भाग, सागरमाळ, आर. के. नगर ही ठिकाणं मात्र चढावर. म्हणजे वस्तीचं नाव पुरेसं नाही, गल्ली बघावी लागते. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट कोरडा राहिला, तरी तळातली गाडी, विजेचे मीटर आणि पाण्याची मोटर बुडू शकते. हे मालकापेक्षा कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार मोकळेपणानं सांगतो.

घर पसंत पडलं की गाडी करारावर येते. ‘अकराच महिन्यांचा आहे, नोटरी करू, नोंदणी कशाला?’ हे वाक्य ठरलेलं. महाराष्ट्रात ते चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोटं ठरवण्याचं ओझं मालकावर पडतं.

खर्चही फार नाही. समजा, भाडं १३ हजार, डिपॉझिट ४० हजार, मुदत एक वर्ष. वर्षाचं भाडं १ लाख ५६ हजार, त्यात डिपॉझिटवर वार्षिक १० टक्क्यांनी ४ हजार धरायचे. या १ लाख ६० हजारांवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे ४०० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर नोंदणी ऑनलाइन होते. घरी येऊन करून देणाऱ्यांची फी वेगळी.

मेंटेनन्स कोण भरणार, रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार का, मधेच घर सोडलं तर नोटीस किती दिवसांची, हे करारातच लिहून घ्यावं. बिल्डिंगमध्ये मटण शिजवलेलं चालत नसेल, तर तेही आधीच विचारलेलं बरं. रविवारच्या तांबड्या-पांढऱ्यावरून नंतर वाद नको.

मुदत संपल्यावरही घर अडवून धरलं, तर कलम २४ प्रमाणे ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम द्यावी लागू शकते. म्हणून कराराची शेवटची तारीख नीट वाचावी, नोंदणी झालेली प्रत आपल्याजवळ ठेवावी आणि मगच डिपॉझिटची पूर्ण रक्कम द्यावी.