निजेला धोंडा

कर्जत स्टेशनाजवळ घर असलं की रात्र कानाने कळते. पुण्याकडे जाणारी गाडी येऊन थांबते, मागून घाटासाठीची बँकर इंजिनं येऊन लागतात, डब्यांना एक धक्का बसतो, शिट्टी होते आणि गाडी बोरघाटाच्या 37 फुटांत एक फूट अशा चढाला लागते. 1863 साली घाटातून गाडी सुरू झाली, तेव्हापासून या गावाला रात्रीची पूर्ण शांतता अशी नाहीच. तरी गाव झोपतं. शेजारच्या काकांना हा धक्का उभ्या आयुष्यात कधी ऐकू आला नव्हता. निवृत्त झाल्यावर तो ऐकू यायला लागला.

काकांनी 34 वर्षं कर्जत ते मुंबई, 100 किलोमीटर जाऊन आणि 100 किलोमीटर येऊन, नोकरी केली. चारला उठायचं, अंधारात स्टेशन गाठायचं, रात्री साडेनवाला घरी. ज्या वर्षांत त्यांना झोपायला वेळ नव्हता, त्या वर्षांत पाठ टेकली की घोरायला लागत. आता वेळच वेळ आहे, तर झोप नाही. “अरे, रात्रभर डोळ्याला डोळा नाही,” असं ते एकदा अगदी रडवेल्या आवाजात म्हणाले, तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो. झोपायला वेळ न मिळणं ही एक गोष्ट. मध्यरात्री बारानंतर सुटणाऱ्या शेवटच्या कर्जत लोकलने येणारा माणूस घरी पोचतो तेव्हा दोन वाजून गेलेले असतात. त्याला झोप येते, पण घड्याळ तिला जागा देत नाही. निद्रानाश याच्या उलट असतो: वेळ आहे, अंथरूण आहे, दिवा बंद आहे आणि झोप नाही. आठवड्यातून किमान 3 रात्री, 3 महिने असं चाललं आणि त्याचा दिवसाच्या कामावर परिणाम होऊ लागला, तर डॉक्टर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. पहिल्या दुखण्याचं औषध वेळापत्रकात आहे. दुसऱ्याचं कुठे आहे, ते समजायला झोप येते कशी हे आधी बघावं लागतं.

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण आपण सगळे वापरतो. तिच्यात शरीरशास्त्र आहे, हे मला उशिरा कळलं. जागेपणाचे तास वाढत जातात तसं मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि झोपेची भूक वाढते. ती पुरेशी वाढली की उशाला धोंडा चालतो. नाही वाढली, तर महागडी गादीही टोचते. या भुकेच्या जोडीला शरीरातलं घड्याळ असतं. ते सकाळच्या उजेडावर लागतं आणि अंधार पडला की मेलाटोनिन सोडून रात्रीची वर्दी देतं. भूक आणि घड्याळ मिळून झोप घडवतात, अशी मांडणी अलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञाने 1982 मध्ये केली. ती आजही झोपेच्या अभ्यासाचा पाया आहे.

आता ही मांडणी घेऊन संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये चढा. कल्याणपर्यंत उभं राहायलाही जागा नसते. अंबरनाथ, बदलापूर गेलं की डबा मोकळा होतो, बसायला मिळतं, आणि वांगणीच्या आत माना खाली पडतात. शेलू, नेरळ, भिवपुरी, स्टेशनं आली कधी नि गेली कधी, पत्ता नसतो. शेजारचा खांद्याला हात लावून उठवतो, “चला, कर्जत.” दिवसभराच्या थकव्यानंतरची ही अर्ध्यापाऊण तासाची डुलकी अमृतासारखी लागते. पण रात्री साडेआठनवाची डुलकी म्हणजे जेवणाच्या तोंडावर खाल्लेली भजी. दिवसभर साठवलेली झोपेची भूक तिथेच मरते. मग घरी येऊन, जेवून, अकराला आडवा झालेला माणूस एकपर्यंत कूस बदलत राहतो आणि ऑफिसच्या टेन्शनला दोष देतो. त्यात गाडी पकडण्याआधी सहाला घेतलेला चहा. कॅफीन निम्मं उतरायला साधारण 5 तास लागतात, म्हणजे अकराला अर्धा कप अजून अंगात असतो. ज्यांना रात्री झोप लागत नाही त्यांनी परतीच्या गाडीत डोळे उघडे ठेवावेत, भजनात बसावं, पत्ते खेळावेत, दारात नव्हे पण उभं राहावं. झोपायचंच असेल तर सकाळच्या गाडीत झोपावं. ती झोप रात्रीच्या झोपेतून कापली जात नाही.

शेजारच्या खालापूर तालुक्याची गोष्ट निराळी. खोपोलीपासून रसायनीपर्यंतचा पट्टा कारखान्यांचा, आणि कारखाना म्हटला की पाळ्या आल्या. आठवडाभर पहिली पाळी, मग दुसरी, मग रातपाळी. शरीराचं घड्याळ दर आठवड्याला असं फिरवता येत नाही. ते मागे सरकण्यापेक्षा पुढे सरकायला तयार असतं, म्हणून पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा क्रमाने फिरवणं कामगाराला कमी जाचक ठरतं. उलट क्रम लावणाऱ्या व्यवस्थापनांनी एवढा एक बदल केला तरी शेकडो घरांना विसावा मिळेल, असं मला मनापासून वाटतं. रातपाळी करून सकाळी सातला घरी निघालेल्या माणसाच्या डोळ्यांवर नेमकं तेच ऊन पडतं, जे मेंदूला ‘ऊठ’ म्हणून सांगतं. वाटेत गॉगल लावावा, घरी खिडकीला जाड गोधडी टांगावी. पत्र्याच्या घरात एप्रिलमधली दुपार मात्र कशानेच आटोक्यात येत नाही. झोप लागायला शरीराचं तापमान थोडं उतरावं लागतं आणि तापलेला पत्रा ते उतरू देत नाही. रातपाळीवर निघण्याआधी तासभर झोप काढली तर पहाटेची गुंगी कमी होते. हे मोटारसायकलवरून घरी परतणाऱ्यासाठी फार महत्त्वाचं आहे, कारण तो त्याच रस्त्यावर असतो ज्यावर रात्रभर गाडी चालवलेला ट्रकवालाही असतो.

याच तालुक्यात इर्शाळवाडी आहे. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाखालच्या या ठाकरवाडीवर दरड आली, तेव्हा बहुतेक माणसं झोपेत होती. 27 मृतदेह सापडले, 57 माणसं सापडलीच नाहीत. त्यानंतर सह्याद्रीच्या पायथ्याच्या कुठल्याही वाडीत, आषाढातला पाऊस रात्री कोसळू लागल्यावर जो माणूस उठून बसतो, त्याला निद्रानाशाचा रोगी म्हणू नये. ती राखण आहे. तिथे आधी सुरक्षित घर लागतं, झोपेचे सल्ले नंतर. धोका टळल्यावरही महिनोन्‌महिने शरीर जागंच राहिलं, पावसाच्या आवाजाने छाती धडधडू लागली, तर मात्र मदत घ्यावी. सरकारची टेलिमानस ही 14416 क्रमांकाची सेवा 2022 पासून सुरू आहे. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.

काही वेळा झोप बिघडण्यामागे सरळ शारीरिक कारण असतं आणि ते वर्षानुवर्षं कोणी शोधत नाही. जोरात घोरणारा, घोरता घोरता श्वास अडकून दचकणारा, सकाळी डोकं जड घेऊन उठणारा माणूस गाढ झोपलेला नसतो. त्याचा घसा रात्रभर बंद होत असतो आणि त्याला तपासणीची गरज असते, गाडी चालवत असेल तर तातडीने. संध्याकाळी पाठ टेकली की पायांत वळवळ सुटते, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, अशी तक्रार बायका करतात आणि ‘दिवसभर राबतेस ना, म्हणून’ असं ऐकून गप्प बसतात. बऱ्याचदा ते अंगातलं लोह कमी झाल्याचं लक्षण असतं. रक्ताच्या साध्या तपासणीतून ते कळतं. झोपताना लावलेली मशेरीही झोप उडवते. तंबाखू मन शांत करते असं वाटतं, पण निकोटीन मेंदूला जागं ठेवतं. दारूने डोळा लवकर लागतो, आणि उत्तररात्री झोपेचे तुकडे होतात. पहाटे तीनला जाग येऊन मन काळवंडून जात असेल, कशातच रस उरला नसेल, तर झोपेपेक्षा नैराश्याकडे आधी बघावं लागतं.

काकांना यातलं काही नव्हतं. मित्राने दिलेली अर्धी गोळी त्यांनी घ्यायला सुरुवात केली होती, तिची महिनाभरात एक झाली. अल्प्राझोलाम जातीच्या या गोळ्यांची सवय लागते, अचानक सोडल्या तर झोप आणखी उडते, आणि वयस्कर माणूस रात्री मोरीकडे जाताना तोल जाऊन पडतो. या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, त्याला कारण आहे. शेवटी मुलीने त्यांना ठाण्यातल्या एका मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी गोळी हळूहळू उतरवली आणि दोन आठवडे एका वहीत झोपेचा हिशेब लिहायला लावला. हिशेब असा निघाला: काका रात्री नऊला आडवे होत, सकाळी सहाला उठत. अंथरुणात 9 तास, झोप सव्वापाच तास. म्हणजे रोज पावणेचार तास ते पडून झोपेची वाट बघत होते, आणि झोप कमी पडली म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी लवकर आडवे होत होते.

झोप ओढून आणायला गेलं की ती मागे सरते. आर्थर स्पिलमन या मानसशास्त्रज्ञाने 1987 मध्ये दाखवलं, की निद्रानाश सुरू होतो एका कारणाने आणि टिकतो दुसऱ्याच कारणाने. सुरुवात निवृत्तीने होवो, आजारपणाने होवो की दुःखाने, तो टिकतो या पडून राहण्यामुळे. उपायही त्याने तिथूनच काढला. अंथरुणातला वेळ कमी करायचा. काकांना सांगितलं गेलं: साडेअकराच्या आत अंथरुणाला अंग लावायचं नाही, पाचला उठायचंच, दुपारची झोप बंद. सव्वापाच तासांच्या झोपेला साडेपाच तासांची जागा. ती 85 टक्क्यांवर भरू लागली की दर आठवड्याला पाव तास वाढवून द्यायचा. याच्या जोडीला काळजीचे विचार हाताळणं आलं की ती निद्रानाशाची वर्तनोपचार पद्धत होते. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने 2016 मध्ये तिला गोळ्यांच्या आधीचं, पहिलं औषध ठरवलं. फिट येणाऱ्यांनी, तीव्र मनोविकार असलेल्यांनी आणि गाडी चालवून पोट भरणाऱ्यांनी मात्र हे स्वतःच्या मनाने करू नये.

दुसरा नियम: वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं, तर उठून दुसरीकडे बसायचं, घड्याळ न बघता, आणि डोळे मिटू लागले की परतायचं. रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये हे मांडलं. मेंदूला अंथरूण म्हणजे झोप एवढंच ठाऊक असावं, हा त्यामागचा विचार. मला तो वाचताना आजीची आठवण झाली. सकाळी उठल्याबरोबर गोधड्या घडी करून कोपऱ्यात जायच्या, आणि दिवसा अंथरूण पसरलेलं दिसलं तर ‘घरात कोणी आजारी आहे का’ असं ती विचारायची. आता पलंग चोवीस तास पसरलेला असतो. त्यावर आपण जेवतो, मोबाइल बघतो, हप्त्यांचे हिशेब करतो आणि मग तिथेच झोपेला बोलावतो.

पहिले आठ दिवस काकांचे फार हाल झाले. दुपारी बसल्या जागी डोळे मिटत, काकू चहा नको म्हणून लिंबूपाणी देत आणि त्यांना अंगणात पिटाळत. नवव्या की दहाव्या रात्री ते सलग चार तास झोपले. तीन महिन्यांत झोपायची वेळ मागे सरकत साडेदहावर आली. पलंगावरची गादी त्यांनी स्वतःहून काढली आणि खाली अंथरायला सुरुवात केली, पहाटे पाचला गुंडाळता यावी म्हणून.

दहाच्या सुमारास ते अजून ओटीवर बसलेले दिसतात. पुण्याची गाडी येते, बँकर लागतो, धक्का बसतो. तो त्यांना ऐकू येतो, कारण ते जागे असतात. साडेदहाला ते उठून आत जातात.