साखरेचा पाक की मेण?

अंगावरील नको असलेले केस काढण्याची प्रथा जुनी आहे आणि ती कोणा एकाच देशाची नाही. निवडीचे कोडे मात्र नवे आहे. घरात लग्नकार्य निघाले की मुली ब्यूटी पार्लरची वाट धरतात आणि तेथे ‘वॅक्सिंग’ व ‘शुगरिंग’ असे दोन शब्द त्यांच्या कानी पडतात. पहिला मेणाचा, दुसरा साखरेचा. यांतील बरा कोणता हे नुसत्या नावावरून ठरत नाही. भांड्यात प्रत्यक्ष काय आहे आणि ते कोणत्या त्वचेला लागणार आहे, हे पाहावे लागते.

साखरेची रीत इजिप्त, इराण व आसपासच्या देशांत घरोघरी रुजलेली आहे. इजिप्तमध्ये तिला ‘हलावा’, म्हणजे गोड पदार्थ, असेच म्हणतात. संस्कृत ‘शर्करा’ फारसीत ‘शकर’ आणि अरबीत ‘सुक्कर’ झाली. नावाबरोबर साखरही भारतातून पश्चिमेकडे गेली आणि तिकडील स्त्रियांनी तिला हा आणखी एक उपयोग शोधून काढला. साखर, लिंबाचा रस आणि थोडे पाणी एवढेच तिचे साहित्य. पाक सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत चढवितात. लाडवांसाठी गोळीबंद पाक करणाऱ्या गृहिणीला ही अवस्था परिचित आहे. लिंबातील आम्लामुळे साखरेचा काही भाग द्राक्षशर्करा व फलशर्करा यांत विभागला जातो. त्यामुळे पाकात पुन्हा कण धरत नाहीत आणि तो चिवट राहतो.

वॅक्सिंगच्या मिश्रणात मेणाबरोबर बहुधा पाइन वृक्षाची राळ असते. चिकटपणा येतो तो तिच्यामुळे. हे मिश्रण गरम करून केसांच्या वाढीच्या दिशेने पसरतात, वर कापडाची पट्टी दाबतात आणि उलट दिशेने ओढतात. साखरेचा गोळा याच्या विरुद्ध वापरला जातो: तो केसांच्या उलट दिशेने लावून सुलट दिशेने झटक्यात काढतात. सुलट ओढल्याने केस मध्येच तुटण्याचा संभव कमी होतो, असे या रीतीचे समर्थक सांगतात. तुटलेला केस वाढताना त्वचेखालीच वळला की पुळी येते, म्हणून हा मुद्दा महत्त्वाचा. वेदना दोन्हींत होते, कारण दोन्हींत केस मुळापासून उपटला जातो. तीन ते सहा आठवड्यांत तो पुन्हा उगवतो. कायमची सुटका दोन्हींपैकी एकाही रीतीने होत नाही.

येथे एक गंमत ध्यानात घ्यावी. आपल्याकडे ‘वॅक्स’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक डब्यांत मेण नसतेच. साखर, ग्लुकोज व लिंबाचे आम्ल असते. ओळख सोपी आहे. कोमट पाण्याने धुऊन गेले तर ती साखर. तेल लावल्याविना निघत नसेल तर ते मेण व राळ.

मग निवड कशी करावी? ज्यांच्या त्वचेला राळ सोसत नाही, चट्टे उठतात, त्यांनी साखर पत्करावी. मात्र साखर हवेतील ओलावा शोषते. गोव्याच्या पावसाळ्यात गोळा पातळ होतो, तर ग्वाल्हेरच्या थंडीत तो दगडासारखा कडक होतो. अशा हवेत अननुभवी हाताला मेण अधिक सोयीचे वाटते. कोणतेही मिश्रण आदल्या दिवशी हाताच्या थोड्याशा जागी लावून पाहावे. केस साधारण पाच-सहा मिलिमीटर वाढलेले असावेत. त्याहून आखूड केस पकडीत येत नाहीत.

खरा धोका आहे तो घाईत. चुलीवरून नुकताच उतरविलेला पाक उकळत्या पाण्याहून तप्त असतो आणि अंगाला चिकटून राहतो. पाण्यासारखा ओघळून जात नाही. तो सोसवेल इतका निवेपर्यंत हात लावू नये. तापविलेले मेणही प्रथम मनगटावर तपासावे. एकीच्या अंगाला लागलेली पट्टी, काडी किंवा गोळा दुसरीला लावू देऊ नये. मधुमेह असल्यास लहान जखमही चिघळू शकते, म्हणून आधी डॉक्टरांना विचारावे. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असताना, आणि त्या थांबविल्यावर निदान सहा महिने, दोन्ही रीती वर्ज्य कराव्यात. नाजूक झालेली त्वचा केसांबरोबर सोलून निघते. हनुवटीवर अकस्मात राठ केस येऊ लागले आणि मासिक पाळीही अनियमित झाली, तर पार्लरपूर्वी डॉक्टरांकडे जावे.

अंगावर केस असणे हा रोग नव्हे. ते काढावेत की ठेवावेत हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. काढावयाचेच झाल्यास डब्यावरील नाव वाचून थांबू नये, आतील घटकही वाचावेत.