एकट्याने करावयाचे लघुजाहिरातपटाचे चित्रीकरण : मर्यादित साधने आणि पूर्वनियोजन

प्रस्तावना

जाहिरातपट म्हटला की तंत्रज्ञांचा ताफा, दिव्यांचे संच आणि मोठा खर्च डोळ्यांसमोर उभा राहतो. परिणामी, ‘साधनेच नाहीत’ या सबबीवर विद्यार्थी प्रात्यक्षिक टाळतात. वस्तुतः भारतीय चित्रपटाच्या प्रारंभीच याचे उत्तर सापडते. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणून वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित केली. ‘अंकुराची वाढ’ या लघुपटामुळे भांडवल उभे राहण्यास मदत झाली आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. एकट्याने काम करणाऱ्याला खरी उणीव उपकरणांची नसून अवधानाची भासते; म्हणून जे निर्णय आधी घेता येतात ते चित्रीकरणाच्या वेळेपर्यंत ठेवू नयेत, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१. संहिता व दृश्ययादी

उदाहरणादाखल, बचत गटाच्या आमसुलांची ३० सेकंदांची जाहिरात घेऊ. सेकंदाला २५ चौकटी या हिशेबाने तिच्या ७५० चौकटी होतात. एक दृश्य सरासरी चार सेकंदांचे धरल्यास सात-आठ दृश्ये पुरतात : उन्हात वाळणारी रातांब्यांची साले, त्यांना मीठ लावणारे हात, साराचे पातेले, शेवटी पाकीट. हात व वस्तू यांची समीपदृश्ये एकट्याला सहज घेता येतात. निवेदन घड्याळ लावून मोठ्याने वाचावे व वेळेत न बसल्यास शब्द कमी करावेत. दृश्ये कथाक्रमाने न घेता एका जागेची सर्व दृश्ये एकत्र उरकावीत.

२. प्रकाश व कॅमेरा

वस्तूच्या एका बाजूस खिडकी व दुसऱ्या बाजूस थर्माकोलचा पांढरा तक्ता ठेवल्यास सावल्या सौम्य होतात. आमसुलाचा गडद लाल रंग हेच त्याचे आकर्षण. खिडकीच्या उजेडात दिव्याचा प्रकाश मिसळला तर तो बिघडतो. म्हणून दिवे बंद ठेवावेत. दिव्यांखालीच चित्रीकरण करावे लागल्यास शटरचा वेग १/५० सेकंद ठेवावा. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने प्रकाशाची लुकलुक त्यामुळे टळते.

कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून केंद्रीकरण, प्रकाशमान व रंगसंतुलन स्थिर करावे. स्वयंचलित व्यवस्थेवर सोडल्यास दृश्य चालू असतानाच ते बदलत राहतात. चित्रणकर्त्याला स्वतःच दृश्यात यावयाचे असल्यास आपल्या जागी काठी उभी करून तिच्यावर केंद्रीकरण करावे आणि जमिनीवर खडूची खूण ठेवावी.

३. ध्वनी

अंधुक चित्र प्रेक्षक एकवेळ सहन करतो, अस्पष्ट आवाज नाही. निवेदन स्वतंत्रपणे, गाद्या व कपडे असलेल्या खोलीत मुद्रित करावे, म्हणजे घुमारा येत नाही. पात्र पडद्यावर बोलणार असल्यास दुसरा मोबाइल चौकटीबाहेर पण तोंडाजवळ ठेवावा आणि आरंभी एक टाळी वाजवावी. संकलनात टाळीच्या आधारे चित्र व ध्वनी जुळवता येतात.

समारोप

दृश्ययादी, वेळेचा हिशेब व स्थिर केलेला कॅमेरा एवढे सिद्ध असेल, तर प्रत्यक्ष क्षणी एकट्या माणसाचे सारे लक्ष समोरच्या कृतीकडे राहू शकते. म्हणून अध्यापकांनी अंतिम जाहिरातपटाबरोबरच त्यामागील कागदी तयारीलाही गुण द्यावेत. साधनांची वाट पाहणारा विद्यार्थी त्यामुळे कामास लागेल.