डोळ्यात काहीतरी उडालं, बस्स!

रविवारी दुपारी दादाचा फोन आला, तेव्हा मी एका डेडलाइनशी झुंजत होते. "अगं, डोळ्यात काहीतरी उडालं. आईला सांगू नकोस." दादाच्या आयुष्यातले सगळे घोळ त्या दुसऱ्या वाक्यानेच सुरू होतात, त्यामुळे मी फारसं मनावर घेतलं नाही.

झालं होतं इतकंच. वाकडच्या नव्या फ्लॅटमध्ये पुस्तकांचं शेल्फ लावायचं होतं आणि सुतार नेहमीप्रमाणे 'उद्या नक्की' म्हणून गायब. मग आमच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरने स्वतःच हातोडी उचलली आणि भिंतीत स्टीलचा खिळा ठोकायला घेतला. पाच-सहा घावांनंतर 'टिंग' असा आवाज झाला आणि उजव्या डोळ्याला मुंगी चावल्यासारखं वाटलं. जवळच्या दवाखान्यात ड्रॉप्स मिळाले, "कचरा असेल, जाईल" हेही ऐकायला मिळालं. रात्री दुखायचंही थांबलं. वाटलं, सुटलो!

इथेच तर आपण फसतो. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, कमालीचा संवेदनशील. त्यावर धुळीचा कण बसला तरी माणूस थयथयाट करतो. पण लोखंडाची बारीक कपची वेगाने आरपार आत गेली, तर जखम इतकी छोटी असते की ती कधीकधी आपली आपण मिटते. आणि आतल्या जेलीला, तिच्यामागच्या रेटिनाला दुखणं कळतच नाही. थोडक्यात, खुपायचं थांबलं म्हणजे कण निघाला, असं मुळीच नाही.

सोमवारी ऑफिसात दादाला समोर काळा ठिपका तरंगताना दिसायला लागला. स्क्रीनवर डाग असेल म्हणून पठ्ठ्याने आधी मॉनिटर पुसला! दुपारी मात्र तो घाबरला आणि आम्ही डोळ्यांच्या हॉस्पिटलात पोचलो.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी डोळ्याला हात लावण्याआधी विचारलं, "काय करत होतात?" "खिळा ठोकत होतो" म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. हातोडी, छिन्नी, ग्राइंडर... धातूवर धातू आपटून डोळ्याला काही लागलं, की कण आत गेलाय असंच धरून चालायचं आणि तो नाही हे तपासण्यांनी सिद्ध करायचं. दादाने तक्त्यावरच्या बऱ्याच ओळी धडाधड वाचल्या, त्याचं मॅडमना काडीचंही कौतुक नव्हतं. स्लिट लॅम्पखाली कॉर्नियावर केसाएवढी रेघ होती आणि तिच्यामागे आयरिसला टाचणीच्या टोकाएवढं भोक. गोळी कुठून गेली, ते भिंतीवरच्या भोकांवरून शोधतात ना, तसंच.

गोळी थांबली कुठे, हे आता सीटी स्कॅन सांगणार होता. सोबत आलेल्या काकांनी उदारपणे सुचवलं, "एमआरआयच काढू या की, पैशांचं बघू." मॅडम जवळजवळ ओरडल्याच. एमआरआय म्हणजे प्रचंड चुंबक. आत लोखंड असेल तर ते डोळ्यातल्या डोळ्यात हलणार. 1986 मध्ये डॉक्टरांनी अशी एक केस नोंदवली आहे. पत्र्याचं काम केलेल्या एका माणसाच्या डोळ्यात राहून गेलेला कण एमआरआयच्या वेळी हलला, आत रक्तस्राव झाला आणि त्या डोळ्याची दृष्टी गेली. काका नंतर बराच वेळ गप्प होते.

सीटीत कपची दिसली. रेटिनाला टेकलेली. तशीच ठेवली तर? काच किंवा काही प्रकारचं प्लास्टिक डोळा वर्षानुवर्षं सहन करू शकतो. तांबं मात्र आत आग लावतं आणि लोखंड हळूहळू गंजत रेटिना मारत जातं. त्याहून मोठी भीती इन्फेक्शनची, त्यात तर डोळा एक-दोन दिवसांत जाऊ शकतो. म्हणून ऑपरेशन लगेच, त्याच दिवशी. पण दादाने दुपारी डबा खाल्लेला, त्यामुळे भूल द्यायला रात्रीपर्यंत थांबावं लागलं. (सांगून ठेवते : असं काही झालं तर खाऊ-पिऊ नका, डोळा चोळू नका, दाबू नका. कागदी कपाचा तळ डोळ्यावर अलगद धरा आणि निघा. केमिकल उडालं तर भरपूर पाण्याने धुवायचं असतं. इथे धुवायचं नाही.)

ज्युलियस हिर्शबर्ग या जर्मन डॉक्टरांनी 1879 मध्ये बर्लिनमध्ये इलेक्ट्रोमॅग्नेटने डोळ्यातलं लोखंड काढलं होतं. दादाच्या वेळीही छोटं चुंबक होतंच, पण आधी डोळ्याच्या पांढऱ्या भागात तीन बारीक छिद्रं पाडून आतली जेली काढली, मग कपची उचलली, तिथल्या जखमेभोवती लेझर केलं आणि डोळ्यात गॅस भरला. गॅस असेपर्यंत विमानप्रवास बंद, म्हणजे दादाचं ऑनसाइट गेलं. आठ दिवस तो पालथा पडून होता आणि वहिनी त्याला खालून स्ट्रॉने ताक पाजत होती. आईला अर्थातच पहिल्याच रात्री कळलं होतं.

तीन महिन्यांनी त्याच डोळ्यात मोतीबिंदू झाला, वयाच्या 32 व्या वर्षी! कपचीने जाता जाता लेन्सही चाटली होती. तो काढून कृत्रिम लेन्स बसवली. गंमत म्हणजे, या लेन्सची गोष्टही डोळ्यात घुसलेल्या तुकड्यांपासूनच सुरू होते. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत कॉकपिटच्या प्लास्टिकचे तुकडे घुसायचे. डोळा ते मुकाट्याने सहन करतो, हे हॅरॉल्ड रिडली या ब्रिटिश डॉक्टरांनी हेरलं आणि 1949 मध्ये लंडनमध्ये तशाच प्लास्टिकची लेन्स एका पेशंटच्या डोळ्यात बसवली.

दादाला आता चष्म्याने पुष्कळ दिसतं. अगदी पूर्वीसारखं नाही; उजव्या डोळ्याने सरळ रेघ मध्येच किंचित वाकते. कपची त्याने छोट्या बाटलीत जपून ठेवलीय, फ्रिजवरचं मॅग्नेट लावलं की आत टुणकन उडी मारते. शेल्फ शेवटी सुतारानेच लावलं, दादाने जबरदस्तीने घातलेला सेफ्टी गॉगल लावून. ते जरासं वाकडं आहे असं आम्हा सगळ्यांचं म्हणणं आहे. दादा मत द्यायला नकार देतो.