खाऱ्या हवेतील जुनी चेनसॉ : ओळख आणि दुरुस्ती

लहान टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिनाच्या जोरावर दातेरी साखळी एका लांबट पोलादी पट्टीभोवती, म्हणजे गाईड बारभोवती, वेगाने फिरवून लाकूड कापणारे चेनसॉ हे यंत्र मीरा-भाईंदरसारख्या शहरात जंगलतोडीपेक्षा पावसाळ्याच्याच कामाचे आहे. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तन-पाली-चौकचा समुद्रकिनारा आणि पूर्वेला काशीमिऱ्याच्या अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर अशा चौकटीत वसलेल्या येथील गावांची १९८५ मध्ये नगरपरिषद आणि २००२ मध्ये महापालिका झाली. तेथील गावठाणांतली जुनी आणि रस्त्यांच्या कडेची नवी झाडे दर पावसाळ्यात कोठे ना कोठे मोडून पडतात, आणि मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा तर मुंबई परिसरात रस्ते मोकळे करण्याचे बरेचसे काम याच यंत्रांनी केले. अशा यंत्रांतले एखादे चाळीस-पन्नास वर्षांचे यंत्र माळ्यावरून किंवा भंगारातून बाहेर येते, तेव्हा ते झिजून निकामी झाले आहे असा समज सहज होतो. वस्तुतः किनाऱ्यावरील जुन्या चेनसॉचा घात झिजेपेक्षा खारी हवा, कुजलेले रबर आणि टाकीत राहिलेले पेट्रोल यांनीच अधिक केलेला असतो, आणि म्हणून तिची दुरुस्ती सुरू करण्यापूर्वी ती कोणत्या काळातली आहे व कशाची बनली आहे हे ठरवणे भाग पडते.

काळ ठरवण्यासाठी या यंत्राचा इतिहास थोडा तरी ठाऊक असावा लागतो. आन्द्रेआस स्टील यांनी १९२६ मध्ये जर्मनीत विजेवर चालणारी साखळी करवत बनवली आणि १९२९ मध्ये पेट्रोलवर चालणारी. एमिल लेर्प यांनी १९२७ मध्ये थुरिंजियातील डोलमार डोंगरावर आपले यंत्र चालवून दाखवले आणि त्या डोंगराचेच नाव पुढे कंपनीला मिळाले. ही सारी यंत्रे दोघांनी धरून चालवायची होती. त्यांच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट असे आणि तो आडवा झाला की पेट्रोलचा पुरवठा बिघडे, त्यामुळे यंत्र कलते करणे अवघड होते. फ्लोटऐवजी रबराचा पातळ पडदा, म्हणजे डायफ्राम, वापरणारे कार्बोरेटर आले आणि यंत्र कोणत्याही कोनात धरता येऊ लागले. अमेरिकेतील मॅककलक कंपनीचे १९४९ चे ३-२५ हे सुमारे पंचवीस पौंडांचे, एका माणसाने पेलायचे यंत्र याच वळणावरचे आहे. साखळीच्या दात्याचा आजचा आकारही त्याच सुमाराचा आहे. ओरेगन राज्यातील जो कॉक्स यांनी १९४६ मध्ये लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याच्या अळीचे जबडे न्याहाळून, आलटून-पालटून डावीकडे आणि उजवीकडे कोरत जाणारा दाता बेतला. १९५९ मध्ये स्टीलची काँट्रा आणि हुस्कवार्नाची ९० ही यंत्रे आली, तेथून हलक्या, गिअरशिवायच्या यंत्रांचा काळ सुरू होतो.

हा क्रम ध्यानात ठेवून यंत्राकडे पाहिले, तर नावाची पट्टी नसतानाही बराच उलगडा होतो. इंजिन आणि साखळीचे चाक यांच्यामध्ये गिअरची पेटी असेल, तर यंत्र जुन्या पिढीचे समजावे. बारला तेल पोचवण्यासाठी अंगठ्याने दाबायचे बटण असेल आणि हँडल थेट इंजिनाच्या अंगाला घट्ट बसवलेले असेल, तर ते बहुधा साठच्या दशकाच्या आसपासचे ठरते, कारण हातापर्यंत कंप पोचू न देणारे रबरी आधार त्यानंतर सार्वत्रिक झाले. साखळी झटक्यासरशी थांबवणारा ब्रेक मूळचाच असेल, तर यंत्र सत्तरच्या दशकातले किंवा त्यानंतरचे मानावे. कार्बोरेटरच्या अंगावर कोरलेली अक्षरेही बोलकी असतात. टिलटसन कंपनीच्या कार्बोरेटरवर एचएल किंवा एचएस अशी मालिका वाचता आली, तर त्याचा डायफ्राम आणि पॅकिंग यांचा संच यंत्राचे नाव कळले नाही तरी मागवता येतो. रंगावर मात्र विसंबू नये. रंग कोणीही मारतो, आणि आज एकाच आराखड्यावरची चिनी यंत्रे निरनिराळ्या नावांनी व निरनिराळ्या रंगांत विकली जातात. स्टीलच्या ०७० या जुन्या, दणकट यंत्राच्या नकलाही बाजारात आहेत. चौकशी करणाऱ्याने आवरणावरच्या चिकटपट्टीपेक्षा ओतीव भागावर उठलेला भाग-क्रमांक ग्राह्य धरावा.

ओळख पटली की पुढचा प्रश्न सुट्या भागांचा, आणि तेथे कंपन्यांची वंशावळ उपयोगी पडते. डोलमार १९९१ मध्ये माकिताकडे गेली. मॅककलक हे नाव १९९९ मधील दिवाळखोरीनंतर हुस्कवार्नाच्या घराण्यात आले. कंपनीचा भाग मिळाला नाही तरी हातपाय गाळण्याचे कारण नसते. क्रँकशाफ्टच्या दोन्ही टोकांचे ऑइल सील आणि बेअरिंग हे आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी या तीन मापांवर विकले जातात, आणि भाईंदरहून लोकलने मुंबईत उतरून नागदेवी स्ट्रीटच्या दुकानांत ती मापे दाखवली की बहुतेक वेळा काम भागते. बुश किंवा स्पेसर भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांतल्या लेथवर करून घेता येतो.

याच गाळ्यांच्या संदर्भात एक इशारा द्यावा लागतो. जुन्या चेनसॉची आवरणे आणि क्रँककेस पुष्कळदा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असतात. हा धातू ॲल्युमिनियमपेक्षाही हलका असतो, परंतु खाऱ्या दमट हवेत त्यावर पांढरी भुकटी धरते आणि खालचा पृष्ठभाग खड्ड्या-खड्ड्यांनी खाल्ला जातो. धातू ओळखण्याची साधी खूण अशी, की न दिसणाऱ्या जागी रंग खरवडून व्हिनेगरचा एक थेंब टाकावा; मॅग्नेशियमवर लगेच बुडबुडे येतात, ॲल्युमिनियमवर तसे काही होत नाही. थेंब फसफसला, तर तो भाग ॲसिडने धुऊ नये आणि चकाकी आणण्यासाठी स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात तर मुळीच देऊ नये, कारण बफच्या चाकावरून उडणारी मॅग्नेशियमची धूळ पेट घेते आणि त्या आगीवर पाणी मारले की ती अधिकच भडकते. अशा वेळी कोरडी वाळू जवळ असावी. भुकटी तारेच्या ब्रशने हळूहळू काढून, भाग नीट सुकवून, प्रायमर व रंग देणे एवढेच करावे. खड्डे पडलेले आवरण कुरूप दिसले तरी पुष्कळ वर्षे टिकते.

इंजिनाची तपासणी सायलेन्सर उतरवून करावी, कारण त्यामागच्या छिद्रातून पिस्टनची बाजू थेट दिसते. पिस्टन गुळगुळीत असेल, तर यंत्र वाचवण्याजोगे आहे. उभे ओरखडे असतील, तर इंजिन तेलाविना किंवा अपुऱ्या पेट्रोलवर चालले आहे, आणि त्याचे मूळ शोधल्याशिवाय नवा पिस्टन बसवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. बहुतेकदा हे मूळ कडक झालेल्या ऑइल सीलमधून आत शिरणाऱ्या हवेत सापडते. ठिणगीची बाजू त्या मानाने सोपी असते. जुन्या यंत्रांत फ्लायव्हीलखाली पॉइंट आणि कंडेन्सर असतात. बजाज, लॅम्ब्रेटा किंवा राजदूतचे पॉइंट ज्याने लावले आहेत त्या मेकॅनिकला येथे नवे काही शिकावे लागत नाही. पॉइंटची टोके बारीक पॉलिश कागदाने साफ करून फिलर गेजने सुमारे ०.४ मिलिमीटरची फट ठेवली, की मेलेले समजलेले यंत्र अनेकदा ठिणगी देऊ लागते.

पेट्रोलचा प्रश्न मात्र या यंत्रांच्या जन्मकाळी नव्हता. भारतात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते, आणि जुन्या रबराच्या नळ्या व डायफ्राम त्याने फुगतात किंवा ताठरतात. पावसाळ्यात अर्धवट भरलेली टाकी महिनाभर तशीच राहिली, तर ओलावा शोषलेले इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसते, टू-स्ट्रोक ऑइल वरच्या पेट्रोलसोबत राहते आणि टाकीतली नळी नेमके तळाचे, तेल नसलेले द्रव इंजिनाला पाजते. वरवर ठणठणीत असलेले यंत्र हंगामाच्या पहिल्याच दिवशी जॅम होते त्यामागे हे एक मोठे कारण असते. म्हणून नळी व डायफ्राम इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवावेत, आणि काम संपताच टाकी रिकामी करून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवावे. तेलाचे प्रमाण मूळ माहितीपुस्तकाप्रमाणे ठेवावे, कारण आजचे ५० भागांस १ हे प्रमाण सर्वच जुन्या इंजिनांना मानवत नाही.

साखळी विकत घेताना लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधले अंतर मोजून त्याची निमपट करावी. जो आकडा येतो त्याला पिच म्हणतात, आणि बारच्या खाचेची रुंदी व खाचेत बसणाऱ्या कड्यांची संख्या यांच्यासह तो जुळला तरच साखळी बसते. धार लावण्याची गोल कानसही पिचवरून ठरते : ०.३२५ इंचाला ४.८ मिलिमीटरची, ०.४०४ इंचाला ५.५ मिलिमीटरची. शहरातली झाडे कापताना धार फार लवकर जाते, कारण जाहिरातींचे फलक, दिव्यांच्या माळा आणि केबल यांसाठी ठोकलेले खिळे सालीखाली गाडले गेलेले असतात. खिळ्यावर आदळलेला दाता निळसर पडला असेल, तर निळा भाग संपेपर्यंत तो कानसावाच लागतो, आणि मग बाकीचे सर्व दातेही त्याच लांबीवर आणावे लागतात.

महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी क्षेत्रातील वृक्ष संरक्षण कायद्यानुसार शहरात झाड तोडण्यास परवानगी लागते आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांच्या किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा-वृक्षाचा दर्जा मिळाला. तेवढ्याच वयाच्या यंत्राला कोणता दर्जा नाही, पण धोका आहे. बारचे टोक लाकडात अडकले की यंत्र चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते, आणि ब्रेक नसलेल्या जुन्या चेनसॉमध्ये त्या उसळीला काही उतार नाही. तेव्हा पिस्टन गुळगुळीत असेल, क्रँककेसला तडा नसेल आणि कार्बोरेटरचा संच मिळत असेल, तर असे यंत्र अवश्य दुरुस्त करावे. मात्र ब्रेक नसेल, तर ते जमिनीवर पडलेले ओंडके कापण्यापुरतेच वापरावे आणि शिडीवर किंवा झाडावर कदापि नेऊ नये.