वाऱ्याने निवणारी यंत्रे आणि त्यांचा बाजार

जर्मनीतील श्टुटगार्ट शहराच्या त्सुफेनहाउझेन या भागात असलेल्या पोर्शे कंपनीच्या कारखान्यातून ३१ मार्च १९९८ रोजी हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची शेवटची '९११' मोटार बाहेर पडली, आणि १९४८ साली ऑस्ट्रियातील ग्म्युंड या गावी '३५६' या गाडीने सुरू झालेली अर्धशतकाची परंपरा त्या दिवशी खंडित झाली. तेव्हापासून या गाड्यांची संख्या अपघाताने, गंजाने किंवा आगीने घटू शकते. वाढू शकत नाही. परंतु केवळ दुर्मिळतेने त्यांच्या आजच्या किमतीचा उलगडा होत नाही, कारण जुन्या पद्धतीच्या ९११ गाड्याच सुमारे चार लाख निघाल्या होत्या, आणि चार लाख ही संख्या दुर्मिळ वस्तूची नव्हे.

बहुतेक मोटारींत इंजिनाची उष्णता पाणी वाहून नेते आणि ते पाणी रेडिएटरमध्ये निवते. जुन्या पद्धतीच्या ९११ मध्ये पाण्याची योजनाच नाही. मागल्या चाकांच्याही मागे बसविलेल्या या इंजिनात तीन सिलिंडर डावीकडे व तीन उजवीकडे आडवे असतात. त्यांच्यावर पट्ट्याने फिरणारा एक मोठा पंखा असतो, आणि सिलिंडरांभोवतीच्या धातूच्या पातळ फिनांवरून तो हवेचा झोत सतत सोडीत राहतो. या झोताच्या आवाक्यापलीकडली उष्णता तेल शोषून घेते, म्हणून या गाडीला नऊ-दहा लिटर तेल लागते आणि त्याची पातळीही इंजिन तापलेले व चालू असताना पाहावी लागते. पंख्याची घरघर व उघड्या धातूचा खणखणाट मिळून जो ध्वनी उमटतो, त्याच्यावरच अनेकांचा जीव जडलेला असतो. पुढे ही रचना टिकली नाही त्याची कारणे निखळ तांत्रिक होती: प्रत्येक सिलिंडरला चार झडपा दिल्या तर त्यांच्यामधील अरुंद जागा केवळ हवेने निववणे कठीण, धुराविषयीचे कायदे कडक होत चाललेले, आणि इंजिनाचा आवाज दाबणारे पाण्याचे वेष्टनही येथे नाही.

बाजाराच्या दृष्टीने सर्वांत प्रतिष्ठित नमुना १९७३ सालची 'कॅरेरा आरएस २.७'. शर्यतीत उतरण्याची पात्रता मिळावी म्हणून ५०० गाड्या तयार करणे नियमाने आवश्यक होते. तेवढ्या तरी खपतील की नाही अशी शंका विक्रीखात्यालाच होती, आणि प्रत्यक्षात १५८० गाड्या बनवाव्या लागल्या. याच्या उलट १९७४ ते १९७७ या काळातील साध्या २.७ लिटर गाड्यांची कथा आहे. त्यांच्या इंजिनाचे मुख्य कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असल्याने तापून तापून त्यातील स्टड उपटून येत, आणि कॅलिफोर्नियातील धुराच्या नियमांसाठी बसविलेल्या उपकरणांनी ती उष्णता अधिकच वाढविली. जाणकार बरीच वर्षे त्यांच्यापासून दूर राहिले; पण इतर नमुने सामान्य ग्राहकाच्या आवाक्याबाहेर गेल्यावर त्यांचेही भाव चढले.

भाव कोठवर गेले याची कल्पना लिलावांवरून येते. स्टीव्ह मॅक्वीनच्या 'ल मॉन्स' चित्रपटात वापरलेली १९७० ची '९११ एस' २०११ साली कॅलिफोर्नियात पावणेचौदा लाख डॉलरला गेली. तेथे नटाच्या नावाचे मोल होते असे म्हणता येईल. परंतु २०१६ साली लंडनमध्ये ९११ च्या '९९३' या पिढीतील एका 'जीटी२' ला अठरा लाख पौंडांहून अधिक किंमत आली, तेव्हा पाठीशी कोणत्याही नटाचे नाव नव्हते.

अशा व्यवहारात यंत्राइतकाच दस्तऐवज मोलाचा ठरतो. जुन्या गाड्यांच्या बाबतीत कारखान्याने प्रत्येकीचे एक कार्ड ठेवले होते. त्यावर चासी व इंजिन यांचे क्रमांक, मूळ रंग आणि गाडी कोणत्या विक्रेत्याकडे रवाना झाली याची नोंद असे. आपल्याकडे जमीन घेताना सातबाऱ्याचा उतारा जसा डोळ्यांत तेल घालून वाचतात, तसेच हौशी लोक आज हे तपशील पडताळतात, आणि गाडीतील इंजिन मूळचेच असेल, म्हणजे 'मॅचिंग नंबर्स' जुळत असतील, तरच पुरता मोबदला देण्यास राजी होतात. मला हा दंडक कठोर वाटतो. ज्या काळी ९११ ही केवळ वेगाने चालविण्याची गाडी होती, त्या काळी झिजलेले इंजिन बदलणे हे मालकाच्या दक्षतेचे लक्षण होते. आज त्याच दक्षतेबद्दल त्याच्या वारसाला नुकसान सोसावे लागते.

अस्सलपणाच्या या वादाला २०१८ साली खुद्द कंपनीनेच नवे वळण दिले. सुट्या भागांच्या साठ्यात राहिलेल्या '९९३' च्या मूळ सांगाड्यावर तिने एक नवी सोनेरी टर्बो उभारली आणि अटलांटा येथील लिलावात ती सुमारे सत्तावीस लाख युरोंना विकून ती रक्कम धर्मादाय संस्थेला दिली. या गाडीची रस्त्यासाठी नोंदणी होऊ शकत नव्हती. तिचा प्रत्येक भाग कंपनीचाच होता, तरी तिला १९९८ पूर्वीच्या वंशात गणावे की नाही यावर रसिकांत एकमत झाले नाही. दुसरीकडे, रॉब डिकिन्सन यांनी २००९ साली कॅलिफोर्नियात स्थापिलेली 'सिंगर' ही संस्था ९११ च्या '९६४' या पिढीतील गाड्या सुट्या करून त्यांची अत्यंत देखणी पुनर्रचना करते. ती कलाकुसर निर्विवाद आहे, पण तिच्या प्रत्येक गाडीपायी एक '९६४' आपल्या मूळ रूपाला मुकते, हेही तितकेच खरे.

सर्वांत तीव्र मतभेद गाडी चालवावी की जपावी याविषयी आहे. कमी किलोमीटर चाललेल्या गाडीला बाजार अधिक पैसे मोजतो; परंतु वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या इंजिनाचे रबरी सील सुकतात, टाकीतील पेट्रोल चिकट होते, आणि मॅग्नेशियमचा भाग ओलाव्याने आतून कुजू लागतो. यासाठी घेणाऱ्याने मीटरवरचा लहान आकडा पाहून हुरळून न जाता दुरुस्तीच्या पावत्यांचे दप्तर मागावे, तेल केव्हा केव्हा बदलले याच्या तारखा पाहाव्यात, आणि इंजिन पुरते तापेपर्यंत मालकाला शेजारी बसवून ती गाडी स्वतः चालवून पाहावी.